रोजगाराच्या वहीतला रिकामा रकाना

बेरोजगारीवर आपल्या समाजात बोलणे निघाले की ते दोनच ठिकाणी येऊन थांबते. एक, आमच्या मुलांना नोकऱ्या मिळत नाहीत. दुसरे, आमची मुले शिकत नाहीत. दोन्हींत तथ्य आहे. सच्चर समितीचा नोव्हेंबर २००६ मधला अहवाल आला तेव्हा देशाच्या लोकसंख्येत १३.४ टक्के असलेला मुस्लिम समाज आय.ए.एस.मध्ये ३ टक्के, आय.पी.एस.मध्ये ४ टक्के आणि रेल्वेत ४.५ टक्के होता. रेल्वेतल्या त्या साडेचार टक्क्यांपैकीही जवळजवळ सगळे, म्हणजे ९८.७ टक्के, खालच्या पदांवर. हे आकडे आपल्या व्याख्यानांतून आणि दिवाळी-ईद अंकांतून इतके फिरले आहेत की आता ते पाठ झाले आहेत.

पण उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांना एक तिसरी गोष्ट दिसते. आमची मुले नोकरीला लागतात. मोबाईलच्या दुकानात, कुरियरच्या गोदामात, मॉलमध्ये, एखाद्या कंपनीत कंत्राटदारामार्फत. आई-वडील पेढे वाटतात. सहा महिन्यांनी, फार तर वर्षाने, तोच मुलगा पुन्हा चौकात उभा असतो. काम लागणे आणि काम टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या देशाच्या रोजगार धोरणाने पहिल्या गोष्टीची वही फार काळजीने लिहिली. दुसऱ्या गोष्टीचा रकाना त्याने कधी उघडला आणि कधी कोरा सोडला, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

सुरुवात ब्रिटिश अमदानीपासून करावी लागते. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने बेरोजगारीविषयी एक करार केला. सरकारने काम शोधणाऱ्यांसाठी मोफत सार्वजनिक केंद्रे उघडावीत असे त्यात होते. हिंदुस्थान सरकारने १९२१ मध्ये त्याला मान्यता दिली आणि केंद्रे न उघडताच १९३८ मध्ये ती परत घेतली. दरम्यान १९३१ साली व्हिटले आयोगाचा अहवाल आला होता. गिरणीच्या फाटकाशी रोज सकाळी माणसांची रांग लागलेलीच असते, मग केंद्रे कशाला, असा त्या काळच्या विचाराचा रोख होता. मालकाला माणूस मिळतो आहे, एवढे पुरे होते. माणसाला काम मिळते आहे का, आणि कोणत्या किमतीत, हा प्रश्न जॉबरवर सोपवलेला होता.

मुंबईच्या गिरण्यांतला जॉबर म्हणजे खात्याचा बादशहा. भरती तोच करी, काढूनही तोच टाकी, आणि दोन्ही वेळा त्याची दस्तुरी ठरलेली. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर मदनपुऱ्यात वसले आणि गिरण्यांच्या साचेखात्यात शिरले, तेही याच वाटेने. विणकाम त्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या होते. तरीही पहिल्या दिवशी सलाम करावा लागे तो जॉबरला. आणि आत शिरल्यावरही माणूस वर्षानुवर्षे 'बदली'च राही. कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशी काम, नाहीतर घरी परत. १९३५ साली गिरणी मालक संघाने बदली कामगारांना कार्डे द्यायला सुरुवात केली. ज्याच्याकडे कार्ड तो रोज सकाळी हजेरी लावील आणि जागा रिकामी झाली तर आधी त्याला घेतले जाईल, अशी ती पद्धत. यात मालकांचा हेतू शिस्तीचा होता, दयेचा नव्हता. पण फाटकाबाहेरच्या माणसाला एक क्रमांक मिळाला, आणि क्रमांकाला पुढे सरकण्याची एक दिशा मिळाली. स्वातंत्र्यानंतर १९४९-५० च्या सुमारास मुंबई राज्याने अहमदाबाद, मुंबई आणि सोलापूरच्या गिरण्यांसाठी हेच काम सरकारी रोजगार केंद्रांमार्फत करून पाहिले. जॉबर त्याने संपला नाही, पण त्याचा रुबाब कमी झाला.

कोकणातल्या वाचकांना याहून जवळचे उदाहरण खलाशांचे आहे. रत्नागिरीपासून श्रीवर्धन-मुरुडपर्यंतच्या मुस्लिम वस्त्यांतून कित्येक पिढ्या जहाजांवर गेल्या. पी. अँड ओ. सारख्या कंपन्यांच्या डेकवर कोकणी मुसलमान, सलूनमध्ये गोव्याचे ख्रिस्ती, असे त्या जहाजांचे जणू ठरलेलेच होते. दोन फेऱ्यांच्या मधले महिने मात्र मुंबईच्या बंदरात, गावकीच्या खोलीत, सारंगाची आणि दलालाची मनधरणी करण्यात जात. एका फेरीची कमाई दुसरी फेरी मिळवण्यात खर्ची पडे. १९२२ साली क्लो यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही लूट थांबवण्यासाठी भरतीचे काम दलालांकडून काढून घेण्याची शिफारस केली. ती प्रत्यक्षात यायला तीस वर्षे लागली. १९५० च्या दशकात मुंबईत आणि कलकत्त्यात खलाशांसाठी वेगळी रोजगार कार्यालये निघाली आणि १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याने त्यांना आधार दिला. तिथे पाळीची यादी असे. जो जास्त दिवस किनाऱ्यावर बसला त्याचा नंबर आधी. आणि खलाशाच्या हातात त्याचे सी.डी.सी. बुक असे. कोणत्या जहाजावर चढला, कधी उतरला, वागणूक कशी, हे सगळे त्यात लिहिलेले.

या सी.डी.सी. बुकाकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो. ते नोकरी मिळण्यापूर्वीचे कागद नव्हते. नोकरी लागल्यानंतर माणसाच्या मागोमाग चालणारे ते कागद होते. कागदाने रोजी मिळत नाही हे खरे. पण दुसऱ्या फेरीला निघालेला माणूस शून्यापासून सुरुवात करत नसे.

गोदीतही तेच झाले. १९४८ मध्ये गोदी कामगारांच्या रोजगार नियमनाचा कायदा झाला आणि पुढे मुंबईत गोदी कामगार मंडळ आले. रोज नवा मुकादम शोधणारा मजूर मंडळाच्या रजिस्टरवरचा कामगार झाला. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कामगारांसाठी हाच विचार पुढे नेला. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेल्या त्या कायद्याची करामत साधी होती. हमालाला एक मालक नसतो. सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या. मग मालकी मंडळाकडे आणा. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर ठरलेली लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने हमालाला मजुरी द्यायची आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार सांभाळायचा. काम रोज बदलत राहिले तरी नोकरी एकच राहिली. पाठीवर ओझे वाहणाऱ्या, बहुतेक न शिकलेल्या माणसाला या राज्याने टिकणारी रोजी देऊन दाखवली. हे होऊ शकत नाही असे म्हणणाऱ्यांना माथाडीचा कायदा दाखवावा.

मग शिकलेल्या मुलाचे काय झाले?

त्याची कथा १९४५ पासून सुरू होते. दुसरे महायुद्ध संपत आले होते. लाखो सैनिक आणि युद्धकारखान्यांतले कारागीर मोकळे होणार होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते (१९४२ ते १९४६). जुलै १९४५ मध्ये या माणसांसाठी जे महासंचालनालय स्थापन झाले त्याचे नाव मोठे बोलके होते : पुनर्वसन आणि रोजगार महासंचालनालय. पुनर्वसन आधी, रोजगार नंतर. सैनिकाला कुठे तरी चिकटवून देणे हा हेतू नव्हता. त्याला नागरी आयुष्यात बसवणे हा होता. म्हणून केंद्रांच्या जोडीला प्रशिक्षणही आले. फाळणीनंतर निर्वासितांचे कामही याच केंद्रांवर पडले. १९४८ मध्ये केंद्रांचे दरवाजे सर्वांसाठी उघडले. १९५० पासून कारागीर प्रशिक्षण योजना, म्हणजे आजचे आय.टी.आय., सुरू झाले. नोव्हेंबर १९५६ मध्ये केंद्रांचा रोजचा कारभार राज्यांकडे गेला. पुढे महासंचालनालयाच्या नावातला 'पुनर्वसन' हा शब्द गळाला आणि 'रोजगार व प्रशिक्षण' उरले. सैनिक आणि निर्वासित मार्गी लागल्यावर त्या शब्दाची गरज उरली नाही असे कुणी म्हणेल. आम्हाला वाटते, शब्दाबरोबर एक जबाबदारीही फायलीतून बाहेर पडली.

१९५९ चा कायदा पाहिला की हे पटते. रिक्त जागा रोजगार केंद्राला कळवणे त्याने सक्तीचे केले : सर्व सरकारी आस्थापना आणि पंचवीस किंवा अधिक माणसे असलेल्या खासगी आस्थापना. न कळवल्यास पहिल्या गुन्ह्याला पाचशे रुपयांपर्यंत दंड. पण त्याच कायद्यात असेही लिहिले होते की केंद्रामार्फतच माणूस घेण्याचे कोणतेही बंधन मालकावर नाही. जागा कळवा, माणूस तुम्हाला हवा तो घ्या. तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीच्या कामांना तर कायदा लागूच नव्हता. आज कंत्राटदार तीन-तीन महिन्यांचे तुकडे पाडतात त्याचे आपल्याला नवल वाटते. कायद्याने ती फट पहिल्या दिवसापासून ठेवली होती.

मग आले ते कार्ड. आमच्या वडिलांच्या पिढीतल्या प्रत्येक मॅट्रिक झालेल्या माणसाच्या ट्रंकेत ते असे. मॅट्रिकचे प्रमाणपत्र आणि एम्प्लॉयमेंटचे कार्ड, दोन्ही एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत. दर तीन वर्षांनी नूतनीकरण. एखादी तारीख चुकली की ज्येष्ठता गेली, पुन्हा शेवटचा नंबर. कॉल लेटरची वाट पाहत लग्ने झाली, मुले झाली, वयोमर्यादा संपली. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत देशातल्या केंद्रांच्या नोंदवहीत चार कोटींच्या वर नावे होती, आणि वर्षभरात त्यांतून नोकरीला लागणारे दोन लाखांहून कमी. म्हणजे दोनशेत एक. त्या एकाचे पुढे काय झाले, तो टिकला की परतला, याचा रकाना वहीत नव्हता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राकडून आलेल्या नावांबरोबरच जाहिरात देऊन आलेल्या उमेदवारांचाही विचार करावा असे म्हटले. न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच होते, कारण कार्ड नसलेल्याचा काय दोष? पण त्यानंतर कार्डाचे उरलेले वजनही गेले. महाराष्ट्रात कार्यालयाच्या पाटीवर 'रोजगार व स्वयंरोजगार मार्गदर्शन केंद्र' असे नाव आले. नोकरी देता येत नाही तेव्हा सरकारला स्वयंरोजगार आठवतो, ही आमची जुनी तक्रार आहे.

शिकाऊ उमेदवारीची गोष्ट अधिक दुखरी आहे, कारण ती आपल्या परंपरेच्या जवळची. उस्ताद आणि शागिर्द हे नाते आपल्या मोहल्ल्यांना कुणी शिकवायला नको. मुंबईत भायखळ्याला १९३६ साली साबू सिद्दीक तंत्रशिक्षण संस्था उभी राहिली, तीही या हुनराला शाळेची शिस्त देण्यासाठीच. उस्तादाच्या हाताखाली मार खात, अर्ध्या पगारावर राबत का होईना, शागिर्द शेवटी त्याच कारखान्यात कारागीर होई किंवा उस्तादाच्या शब्दावर दुसरीकडे लागे. शिकणे आणि रोजी यांच्यामध्ये दरी नव्हती. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा चांगल्या हेतूने आला. कारखान्यांना उमेदवार घेणे बंधनकारक झाले, विद्यावेतन ठरले. पण बाविसाव्या कलमात लिहिले गेले की मुदत संपल्यावर मालकाने नोकरी देणे बंधनकारक नाही. दरी कायद्यानेच खणली. वर्षभर यंत्रावर हात बसवायचा आणि मग दुसऱ्या वर्षी त्याच यंत्रावर नवा उमेदवार, नवे विद्यावेतन. १९९५ मध्ये उत्तर प्रदेशच्या एस.टी. महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एवढे म्हटले की बाकी सारे समान असेल तर प्रशिक्षित उमेदवाराला थेट उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावे. २०१४ च्या दुरुस्तीने मालकाला स्वतःचे भरती धोरण आखायला सांगितले. आखले की नाही हे कोण पाहणार, हे सांगितले नाही.

इथे आमच्या स्वतःच्या पेशाविषयी चार शब्द लिहिणे भाग आहे. महाराष्ट्राने २००० साली शिक्षणसेवक योजना आणली. पूर्ण पगाराच्या जागी तीन वर्षे मानधन, तेही तीन-साडेतीन हजारांच्या घरात. शिक्षक संघटनांनी त्यावर टीका केली आणि ती रास्त होती. २०२३ मध्ये हे मानधन प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार झाले. तरीही आम्ही म्हणू की या योजनेत एक गोष्ट होती जी बाकीच्या योजनांत नव्हती : तीन वर्षांनंतरचा दरवाजा. तीन वर्षे समाधानकारक काम केले की नियमित वेतनश्रेणी. त्या आशेवर माणूस खोली घेतो, बहिणीचे लग्न ठरवतो, शाळेतही जीव ओतून शिकवतो. मे २०१२ मध्ये शिक्षकभरती बंद झाली तेव्हा हा दरवाजाच भिंत झाला. आमच्या पिढीतले कित्येक बी.एड. झालेले लोक तासिका तत्त्वावर किंवा विनाअनुदानित तुकडीवर वर्षानुवर्षे शिकवत राहिले. उन्हाळ्याच्या सुट्टीत तासिका नाही, म्हणून पैसे नाहीत. त्यांतल्या काहींनी रिक्षा घेतली, काही सौदीला गेले. आखातातली नोकरीही शेवटी दोन-तीन वर्षांच्या कराराचीच असते. पण करारात तारीख तरी लिहिलेली असते.

२०२४ च्या जुलैमध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, जिला लोकांनी 'लाडका भाऊ' हे नाव दिले. बारावी झालेल्याला महिना ६ हजार, आय.टी.आय. किंवा पदविकाधारकाला ८ हजार, पदवीधराला १० हजार, सहा महिने. वर्तमानपत्रांनी ती नवी म्हणून छापली. इतिहास पाहणाऱ्याला ती नवी वाटत नाही. याच राज्यात १९७४ पासून 'रोजगार प्रोत्साहन कार्यक्रम' होता : सुशिक्षित बेरोजगाराला आस्थापनेत ठेवायचे, काही महिने काम शिकवायचे, सरकारने विद्यावेतन द्यायचे. पन्नास वर्षांत रक्कम बदलली, सातव्या महिन्याचा प्रश्न तसाच राहिला. सहा महिने संपत आले तसे प्रशिक्षणार्थी कायम करण्याची मागणी घेऊन रस्त्यावर आले आणि मुदत अकरा महिन्यांपर्यंत वाढली. अकरा महिन्यांचा आकडा आपण भाडेकरारातून चांगला ओळखतो. तो का निवडतात हेही ओळखतो.

अपवाद नाहीत असे नाही. २०१३ मध्ये अल्पसंख्याक मंत्रालयाने सुरू केलेल्या 'सीखो और कमाओ' योजनेत प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी किमान ७५ टक्क्यांना रोजगार मिळवून देण्याची अट होती. २०१४ च्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेने आणखी पुढचे पाऊल टाकले. मुलगा नोकरीला लागला म्हणून संस्थेचे काम संपले असे तिने मानले नाही. शहरात पहिले महिने तगून राहण्यासाठी मुलाला थोडी मदत, वर्षभर पाठपुरावा, आणि मुलगा वर्षभर टिकला तर संस्थेला वेगळे प्रोत्साहन. खेड्यातला मुलगा पहिली नोकरी सोडतो ती बहुधा कामाच्या कंटाळ्याने नव्हे. पगाराच्या निम्म्याहून जास्त खोलीभाड्यात आणि खानावळीत जातो, सुपरवायझरची भाषा कळत नाही, ईदला सुट्टी मिळत नाही, गावी आई आजारी पडते. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलाला तर आस्थापनेतला मराठी अर्ज भरतानाच पहिला घाम फुटतो. हे दिल्लीत बसलेल्या कुणाला तरी एकदा कळले होते, एवढे या योजनेच्या नियमावलीवरून दिसते.

भारताने रोजगार धोरणाविषयीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय कराराला १९९८ मध्ये मान्यता दिली. पूर्ण, उत्पादक आणि स्वेच्छेने निवडलेल्या रोजगारासाठी सक्रिय धोरण आखण्याचे वचन त्यात आहे. राष्ट्रीय रोजगार धोरण या नावाच्या मसुद्यांची त्यानंतर चर्चा होत राहिली. हातात पडल्या त्या योजना. १९५९ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. रोजगार केंद्राला तिने 'करिअर केंद्र' म्हटले.

त्याच वर्षी ऑगस्टपासून सुरू झालेल्या पंतप्रधान विकसित भारत रोजगार योजनेत मात्र रिकाम्या रकान्यात पहिल्यांदा ठळक अक्षरांत काही लिहिले गेले आहे. पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्याला एका महिन्याच्या पगाराएवढी, कमाल १५ हजार रुपये, रक्कम दोन हप्त्यांत मिळते : पहिला हप्ता सहा महिने टिकल्यावर, दुसरा बारा महिन्यांनी. मालकालाही प्रत्येक जादा कामगारामागे महिना तीन हजारांपर्यंत दोन वर्षे, पण तो कामगार सहा महिने तरी टिकला पाहिजे. टिकण्याला किंमत आहे हे सरकारने मान्य केले.

अट एकच, आस्थापना भविष्य निर्वाह निधीत नोंदलेली हवी, आणि तो कायदा लागू होतो वीस किंवा अधिक कामगार असतील तिथे. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांतले साचे भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर गेले, तेव्हा कापड तसेच विणले जात राहिले, विणणारा बहुधा मदनपुऱ्यातल्या विणकराच्याच बिरादरीचा राहिला. बदलीचे कार्ड आणि हजेरीची वही तेवढी मागे सुटली. एका छपराखाली शंभर माग धडधडत असतात आणि कागदावर ते चार भावांच्या चार कारखान्यांत वाटलेले असतात, प्रत्येकात वीसपेक्षा कमी माणसे. आमच्या शाळेतून दहावी करून मागावर गेलेला मुलगा तिथे दहा वर्षे टिकला तरी सरकारच्या लेखी तो अजून नोकरीला लागलेलाच नाही.